पित्त नव्हतं ते

अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, घसा आवळला, तरी लालबागच्या आमच्या चाळीत त्या सगळ्याला एकच शब्द होता. पित्त. पित्त उठलं म्हणायचं, कोकमाची सोलं भिजवून त्यांचं लाल पाणी अंगाला चोळायचं, वर घोंगडी पांघरायची आणि कामाला लागायचं. अहो, इथे माझा श्वास आत जाईना आणि ह्या बाया माझ्या पाठीला सोलं चोळतायत! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. आजही कोणी माझ्यासमोर पित्त म्हटलं की माझं डोकं फिरतं.

मी काही जन्मापासूनची नाजूक नव्हते. परळच्या चाळीत वाढलेली मालवणी मुलगी मी. कोलंबीच्या कालवणातली डोकी कोणाला जास्त मिळाली ह्यावरून भावाशी मारामाऱ्या केल्यात. लग्न होऊन लालबागला आले तेव्हा पहिल्याच रविवारी सासूबाईंनी मला जेवताना बघितलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "आमची सून मासे खाणारी आसा हां!" त्यांच्या तोंडून झालेलं ते माझं पहिलं आणि शेवटचं कौतुक.

मुलगी दोन वर्षांची झाली आणि हे सुरू झालं. कोलंबीभात जेवले आणि हात धुवायच्या आत तळवे खाजायला लागले. पुढच्या खेपेला ओठ सुजले. तिसऱ्यांदा घसा. नाक्यावरच्या डॉक्टरने इंजेक्शन दिलं आणि सांगितलं, कोलंबी बंद. चाळीत मात्र प्रत्येकीचं वेगळं निदान. एक म्हणाली, दिवस गेले असतील. दुसरी म्हणाली, वर दूध प्यायली असशील. तिसरीने मीठमोहऱ्या उतरवल्या. उचलली जीभ, लावली टाळ्याला! माझं अंग, माझा घसा, पण माझा शब्द कोणी धरेना.

सासूबाईंची खाणावळ होती. आमच्या त्या एका खोलीत आठ-दहा गिरणी कामगार पाळीपाळीने जेवून जायचे. रांधायचं आम्ही दोघींनी आणि शेवटी मीठ बघायचं मी. पळ्यातला थेंब तळहातावर घ्यायचा आणि चाटायचा. मी म्हटलं, कोलंबीचं मीठ आता मी बघणार नाही. तर त्यांना तो अपमान वाटला. "खाव नको गो, पण जिभेक टेकवलंस तर काय मरशीत?" असं सगळ्या जेवणाऱ्यांसमोर विचारलं. मला इतका संताप आला की हातातला पळा मी दाणकन पातेल्यात टाकला. मग तीन दिवस अबोला.

त्यानंतर संप झाला. आमचे हे गिरणीत लूमवर, म्हणजे मागावर होते, ते घरी बसले. जेवायला येणारे एकेक करून गावाला गेले आणि खाणावळ आपोआप बंद पडली. गावाहून तांदूळ आले आणि पत्र्याचा मोठा डबा भरून सुका जवळा आला. वर्षभर आम्ही त्या डब्यावर जगलो म्हटलं तरी चालेल. जवळ्याची चटणी, जवळा घालून वांगं, जवळ्याचं कालवण. सगळे जेवायचे आणि मी कांद्याला तेल-तिखट लावून भात गिळायची. मी म्हणायचे, जवळा म्हणजे इवलीशी कोलंबीच, मला बाधेल. सासूबाई म्हणायच्या, "सुक्यात काय आसता गो? सुका म्हणजे काय मासळी?" त्यांच्या हिशेबात वाळलं की त्याची मासळी राहत नाही. मग एक दिवस गॅलरीत उभ्या राहून, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "घो संपार आणि बायल नखऱ्यांर!"

नवरा संपावर आणि बायको नखऱ्यांवर, म्हणून लोक हसले. मला ते हसू अजून ऐकू येतं. मी काय कोलंबीच्या जागी पापलेट मागत होते? नुसता भात खात होते मी! आणि आमचे हे? सभेत मूठ आवळून घोषणा देणारा माणूस घरात आईसमोर मान खाली घालून बसायचा. मी म्हणायचे, तुम्ही तरी सांगा त्यांना. हे म्हणायचे, "जाऊ दे गो, आधीच घरात काय कमी आहे का?" दुष्काळात तेरावा महिना म्हणजे मी, असंच सगळ्यांचं म्हणणं.

एक दिवस दुपारी नळावरून पाणी भरून आले तर माझं ताट वाढून ठेवलेलं. काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि भात. सासूबाई म्हणाल्या, जेव, गरम आहे. सासूने सुनेला आयतं वाढायचं ही आमच्या घरातली रीतच नव्हती. मूर्खासारखी मी खूश झाले. भाजक्या खोबऱ्याचा वास सुटला होता. जवळ्याचा वास त्या खोलीत भिंतींनाच होता, तो वेगळा कुठे कळणार? हे समोर बसले होते. चार घास खाल्ले असतील, जीभ जड झाली. मी बोलायला गेले तर आवाज येईना. मुलगी रडायला लागली एवढं आठवतं.

खुर्चीत बसवून मला चार माणसांनी जिन्यावरून खाली नेलं आणि टॅक्सीत घालून परळच्या मोठ्या इस्पितळात. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडून पहिल्यांदाच तो शब्द घोकून घेतला. ॲलर्जी. मोठेपणीही होते, काल चाललेलं आज चालत नाही, आणि पुढच्या वेळी इथपर्यंत पोचाल असं नाही. खाल्लं काय होतं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, वाटाणे. तेव्हा सासूबाई पदर सारखा करत पुढे आल्या. "मियां घातलेलंय जवळो. माका बघूक व्हया होता, खरा काय खोटा."

बघायचं होतं! माझा जीव म्हणजे काय चिंचोक्यांचा खेळ? पदरात लहान पोर असलेल्या बाईला खोटी ठरवायला तिच्याच ताटात कालवायचं, आणि वर ते मान ताठ ठेवून सांगायचं. मी खाटेवर पडल्या पडल्या भिंतीकडे तोंड फिरवलं. हे पायाशी उभे होते. खाली बघत खाटेची दांडी घासत होते. आईची लाज वाटत असेल, असं मला वाटलं.

गिरणी पुन्हा धड चालू झालीच नाही. ह्यांनी वॉचमनची नोकरी धरली. मी माझं पातेलं, माझा पळा वेगळा केला आणि सासूबाईंच्या हातचं पाणीसुद्धा घेणं सोडलं. त्या माफी मागतील म्हणून मी वाट बघितली. छे! त्या आल्यागेल्याला सांगायच्या, सुनेला पित्ताचा त्रास आहे. एका खोलीत आम्ही दोघी तशाच वीस वर्षं राहिलो.

त्या गेल्या, तेव्हा दहाव्याला आम्ही बाणगंगेला गेलो. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. कावळे कठड्यावर ओळीने बसलेले, पण एक खाली उतरेल तर शपथ. मुलीचं लग्न नीट करू म्हणून झालं, गावचं घर शाकारू म्हणून झालं. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. नणंद हळूच म्हणाली, "वयनी, तू काय तरी बोल, तिचो जीव तुझ्यात अडकलोहा." म्हणजे माफ केलं म्हण. मी तोंड मिटून उभी राहिले. का म्हणू? तिने कधी म्हटलं होतं का? शेवटी हे पुढे झाले, हात जोडले आणि ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटले. पुटपुटायचा अवकाश, कावळा झपकन खाली आला. मला वाटलं, लेकाने आईची काहीतरी समजूत घातली असेल.

ह्या गोष्टीला बरीच वर्षं झाली. परवा मुलीला कामात बढती मिळाली म्हणून ती आम्हा दोघांना जेवायला घेऊन गेली. कुठे, तर ह्यांच्याच गिरणीच्या जागेत झालेल्या हॉटेलात. चिमणी तेवढी ठेवलीय, शोभेला. काचेच्या दारातून आत गेल्यावर हे थबकले आणि म्हणाले, "इथे माझे लूम होते." आम्ही बसलो आणि मुलीचा फोन वाजला म्हणून ती बाहेर गेली. ऑर्डर घ्यायला एक मुलगी आली. चुणचुणीत होती. पाणी ठेवतानाच तिने विचारलं, "आँटी, तुम्हाला कसली ॲलर्जी वगैरे आहे का? किचनमध्ये तसं सांगते."

बघा! अनोळखी पोर, आणि बसल्या बसल्या मला विचारते. एवढं साधं होतं ते? हा एक प्रश्न माझ्या घरात कोणाच्या जिभेला झेपला नाही! माझ्या डोळ्यांत रागाने पाणी आलं, मी ते पदराने टिपायला लागले. तर हेच म्हणाले, "कोलंबी नको, सोडे नको, जवळा नको. भाजून कुटून घातलेला पण नको."

मी साधी थाळी सांगितली, ह्यांचं काही ठरेना, आणि ती लिहून घेऊन गेली. मी ह्यांच्याकडे बघत राहिले. इस्पितळात सासूबाई जवळा घातला म्हणाल्या होत्या. भाजून कुटला होता हे त्या कधीच बोलल्या नव्हत्या.

"कुटून घातलेला, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

हे टेबलाकडे बघत होते. "मीच कुटला होता," म्हणाले. "खलबत्त्यात. आई म्हणाली, एकदा खात्री होऊन जाऊ दे. मला पण वाटत होतं गो, तू नखरे करतेस." मग पाण्याचा ग्लास सरकवत म्हणाले, "इस्पितळात तिने स्वतःवर घेतलं. बाणगंगेला मी तिला शब्द दिला होता, तुला सांगेन म्हणून. तेव्हा कावळा शिवला."

म्हणजे ज्या बाईचं पाणी मी वीस वर्षं घेतलं नाही, ती निम्म्या पापाचीच धनीण होती. आणि उरलेल्या निम्म्याला मी रोज ताट वाढत होते, त्याच्या बीपीच्या गोळ्या काढून देत होते. आईला दिलेला शब्द पाळायला ह्या माणसाला इतकी वर्षं लागली, आणि तेसुद्धा चुकून तोंडातून गेलं म्हणून! मी हळू आवाजात विचारलं, "आणि मी मेले असते तर?" ह्यांनी टेबलावरून हात पुढे केला. मी तो धरला नाही.

लेक अजून बाहेर फोनवरच होती, तोवर ती ऑर्डरवाली मुलगी माझी थाळी घेऊन आली. प्रत्येक वाटीवर बोट ठेवून तिने ह्यात काय आहे, त्यात काय आहे ते नीट सांगितलं. मग ह्यांच्याकडे वळून विचारलं, "अंकल, तुमच्यासाठी काय आणू?"

मी म्हटलं, "त्यांना काही नको गं. त्यांना पित्त उठलंय."

आणि मी जेवायला सुरुवात केली.