ठिणग्या बघून कळतं

पत्रा कापायच्या आमच्या प्लाझ्मा मशीनची टूल लायब्ररी भरायला माझी बायको सुनंदा आज सकाळीच कॉम्प्युटरपुढे बसली. कोणत्या जाडीला किती करंट, किती वेग, हे त्यात एकदा साठवलं की दर वेळी मला हाक मारायला नको.

“तीन एमएमला वेग किती ठेवता?” तिने विचारलं.

“ते ठिणग्या बघून कळतं.”

“तुम्हाला कळतं हो. याला आकडा लागतो.”

मग मी वेग कमीजास्त करत तुकडे कापत गेलो, आणि कड स्वच्छ आली की ती तो वेग साठवत गेली. इतक्या वर्षांची माझी नजर अशी आकड्यांत जाताना आधी जरा चुटपुट लागली. पण आपल्याला येतं ते दुसऱ्याला आलं म्हणून आपलं थोडंच उणं होतं?

दुपारी मी अंगणात गेट रंगवत असताना आत मशीन सुरू झालं. आवाज एकसारखा येत होता. मी उठलो नाही. थोड्या वेळाने सुनंदा गेटवर बसवायचं पत्र्याचं पान घेऊन आली. मी कडेवरून बोट फिरवलं.

“माझ्याच हातचं वाटतंय,” मी म्हणालो.

“माझ्या हातचं आहे,” ती म्हणाली, आणि दुसरं कापायला आत गेली.