आईची वायलची साडी

विक्रोळीची आमची इमारत पुनर्विकासाला गेली आणि आई आणि मी मुलुंडला भाड्याच्या घरात आलो. तिसऱ्याच महिन्यात आई बाथरूममध्ये पडली. उजव्या खुब्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतर ती सारखी डाव्या कुशीवर, भिंतीकडे तोंड करून पडून असायची. त्या भिंतीवर आधीच्या भाडेकरूंनी डोकी टेकून टेकून तेलकट डाग पाडले होते. घरमालकाने बजावलं होतं, खिळा ठोकायचा नाही, रंग बदलायचा नाही.

ऑफिसातल्या मैत्रिणीने उपाय सांगितला. "कॉर्नफ्लोअरची खळ शिजव आणि कापड चिकटव. नको असेल तेव्हा ओलं करून ओढ, भिंतीला काही होत नाही."

मी आईचं कपाट उघडलं. ती आता गाऊनमध्येच असायची. साड्या कोण नेसणार होतं? पोपटी रंगाची, बारीक पांढऱ्या फुलांची वायलची साडी मी निवडली. एका शनिवारी भाऊ तिला एक्स-रेला घेऊन गेला, तेवढ्यात मी साडीचे तीन तुकडे केले. दोन भिंतीवर एकाखाली एक लावले, हाताने सुरकुत्या काढल्या. खोली एकदम उजळली. आई पडल्यापासूनच्या दोन वर्षांत मी पहिल्यांदाच काहीतरी हौसेने केलं होतं.

भावाने आईला आणून निजवलं. भिंत बघून तो म्हणाला, "झकास दिसतंय गं," आणि बायकोला पाठवायला फोटोही काढला. आई कापडावरून बोटं फिरवत राहिली.

"ही माझी ना?"

"हो. आवडली?"

"मी मेलंय काय गो?"

रागावली की ती मालवणीत यायची. मग थोड्या वेळाने, भिंतीकडेच बघत म्हणाली, "नव्या घरात जाताना ही नेसायची होती मला."

मला तेव्हा रडू यायला हवं होतं. पण सकाळपासूनचं भांडं-बेडपॅन, खळीने चिकट झालेले हात, सगळं डोक्यात गेलं. मी म्हणाले, "आधी उभी तर राहा."

भाऊ लगेच म्हणाला, "अगं, असं काय बोलतेस? तिला विचारायचंस तरी आधी." फोटो काढलेला मोबाइल अजून त्याच्या हातातच होता. चहा पिऊन तो बोरिवलीला गेला.

आईला कूस बदलायची तर माझा हात लागायचा, आणि तिने तो मागितला नाही. ती तशीच त्या कापडाकडे तोंड करून पडली. अंधार पडायच्या आत मी स्पंजने दोन्ही तुकडे भिजवले आणि ओढून काढले. मैत्रीण म्हणाली होती तसंच, भिंतीला काही झालं नाही. डाग होते तिथेच होते. साडी धुतली, वाळवली, खालच्या शिंप्याकडून जोडून आणली. दोन शिवणी आल्या, निऱ्यांत लपल्या असत्या. मी ती आईच्या उशाशी ठेवली. तिने पाहिलीही नाही. "ठेव कपाटात," एवढंच म्हणाली.

चार महिन्यांनी आई वॉकर धरून चालायला लागली. डॉक्टरही चकित झाले. तिला उभी करणारी मीच होते, सकाळ-संध्याकाळ व्यायाम मीच घेत होते. चालायला लागल्यावर तिने भावाला फोन केला. "मला तुझ्याकडे ने रे."

मी तिच्या साड्या बॅगेत भरल्या. वायलची मात्र तिने बाहेर काढून पलंगावर ठेवली. ती तिथेच ठेवून मी बॅगेची चेन लावली.

परवा मावशीचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "ती जिवंत आहे अजून, आणि तू तिच्या साड्या कापल्यास म्हणे?"

मी म्हणाले, "हो."

एकच होती, हे सांगायला तोंड उघडलं होतं. पण त्याने काय फरक पडला असता? मी फोन ठेवला आणि कामाला लागले.