सोनपेठहून परत आलेली गाडी

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरेच दिवस वाचतो आहे आणि खरं सांगायचं तर हसण्यासाठी वाचतो. अमावास्या, पांढरी साडी, ऐन वेळी बंद पडलेला मोबाईल... मी गंगाखेडला हायस्कूलवर विज्ञान शिकवतो. विज्ञान दिनाला लिंबातून रक्त काढून दाखवणारा आणि मग पोरांना त्यातलं रसायन सांगणारा मास्तर असतो ना, तो मीच. त्यामुळे हे लिहायला लाज वाटते. पण तीन महिने झाले, झोप नीट लागत नाही. ज्यांना सांगावं ते एकतर हसतात, नाहीतर लगेच विश्वास ठेवतात. दुसरे जास्त त्रासदायक.

आमची मोटारसायकल एकवीस वर्षांची. किक मारायची, टाकीचा रंग माझ्या गुडघ्यांनी खाल्लेला. माझा तिच्यावर जीव आहे, कबूल. पण प्रश्न माझा नव्हता, अण्णांचा होता.

अण्णा म्हणजे माझे वडील. वय एक्क्याऐंशी, काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले. ऊन आणि सावली एवढंच कळतं. पेडगावची शेती बटाईने लावून चार वर्षांपूर्वी आमच्याकडे आले, तेव्हा पिशवीत शेवटच्या बैलाचं दावं होतं. धरायला काहीतरी हवं म्हणून ते त्यांनी गाडीच्या कॅरिअरला बांधून घेतलं. रोज सकाळी मी त्यांना मागे बसवून गंगेवर नेतो. (आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात.) घाटावर त्यांच्या वयाचे चार-पाच जण असतात, तासभर गप्पा होतात. उरलेले तेवीस तास अण्णा त्या एका तासावर काढतात.

फेब्रुवारीत ही गाडी रेल्वे फाटकात बंद पडली. रुळांच्या बरोबर मध्ये, मागे अण्णा. गेटमन हातवारे करतोय, मी किकवर किक मारतोय... शेवटी अण्णांना तसंच बसवून ढकलत बाहेर काढली. फाटक पडलं, रेल्वे गेली. अण्णा एवढंच म्हणाले, "दमलंय जनावर."

मंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, हे कळलं आणि घरात दुसरा विषय राहिला नाही. मेकॅनिकने कार्बोरेटर साफ केला, वायर बदलली, तरी पंधरा दिवसांत दोनदा बंद. ठेवावी तर ही भीती. काढावी तर नव्या गाड्यांची मागची सीट उंच, अण्णांचा पाय वर जात नाही. शेजारच्याच्या गाडीवर चढवून पाहिलं, जमलं नाही. रिक्षात ते बसत नाहीत, आजारी माणसं बसतात म्हणे. आणि घाट सुटला की ते किती दिवस काढतील, हा विचार मी रोज अर्ध्यावर सोडून देत होतो.

शेवटी रुळांची भीती जिंकली. मी नवी गाडी घेतली. शोरूमवाल्यांनी हार घातला, नारळ फोडला, पुठ्ठ्याची तीन फुटी चावी हातात देऊन फोटो काढला, आणि आठ कर्मचाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या लग्नात एवढं कौतुक झालं नव्हतं. जुनी गाडी सोनपेठच्या बाबुरावांनी घेतली. आठवडी बाजारात भाजी विकणारा साधा माणूस. एप्रिलमधल्या एका रविवारी आले आणि चालवत घेऊन गेले. अण्णांचा घाट त्या दिवसापासून थांबला.

आवाज गल्लीबाहेर गेल्यावर अण्णांनी विचारलं, "दावं ठिवलं का?"

आमच्याकडे बैल विकला तरी त्याचं दावं देत नाहीत. विकणारा आपलं सोडून घेतो, घेणारा स्वतःचं बांधतो. दावं सोबत गेलं तर जनावर जुन्या दावणीला परत येतं म्हणतात. दावं कॅरिअरलाच राहिलं होतं. मी अण्णांना समजावलं, की बैलाला वाट लक्षात राहते, यंत्राला राहत नाही. अण्णा म्हणाले, "बरं." अण्णांचं 'बरं' ज्यांनी ऐकलंय त्यांना कळेल...

मंगळवारी सकाळची शाळा करून साडेबाराला घरी आलो. अंगणात कडुलिंबाखाली गाडी उभी होती. नेहमीच्या जागी, हँडल डावीकडे वळवलेलं, स्टँड मी ठेवलेल्या फरशीच्या तुकड्यावर. वाटलं, बाबुराव परत करायला आले. अण्णा शेजारी उभे, घाटावर निघताना असतात तसे, डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल, हातात कॅरिअरला बांधलेल्या दाव्याचं मोकळं टोक.

"कोण आलंय अण्णा?"

"कोणी न्हाई. गाडी आली."

"चालवत कोणी आणली?"

"वळखीचा आवाज आला. लिंबाखाली यिऊन बंद झाली. मी वाट बघायलोय, आता चपला वाजतील, आता वाजतील." त्यांनी दाव्यावरून हात फिरवला. "उतरलं कोणी न्हाई."

मंदा आत कूलर लावून झोपली होती. समोरच्या काकूंना गल्लीत कुणाचं सिलिंडर कधी आलं तेही ठाऊक असतं, त्या ओसरीवरच शेंगा फोडत होत्या. त्यांनी काहीच पाहिलं नव्हतं. बाबुरावांना फोन लावला.

"गाडी हितंच हाय की सर, शेडात. कालच प्लग काढलाय, नवा आणायचाय."

म्हटलं, जरा बघून सांगा. चालल्याचा आवाज, साखळीचा आवाज. मग अगदी हळू, "कुलूप तसंच हाय सर. गाडी न्हाई."

मी वाकून पाहिलं. प्लगच्या जागी भोक होतं, वायर लोंबत होती. सायलेन्सरला बोट लावलं आणि भाजलं. उन्हाने म्हणावं तर गाडी सावलीत, टाकी गार. प्लगशिवाय पेट्रोलचं इंजिन चालत नाही, हे मला नववीचं पोरगंही सांगेल. मीच शिकवलंय त्याला.

दुसऱ्या दिवशी बाबुराव एसटीने आले. चावी आणि कागदात गुंडाळलेला प्लग माझ्या हातात दिला. चहा उभ्यानेच घेतला. दाव्याबद्दल अण्णा काय म्हणाले होते ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तरी म्हणाले, "सर, तेवढं दावं सोडून घ्या. मी नेतो. गाडीबद्दल माझी तक्रार न्हाई."

मी गाठीला हात घातला. एका दोरीने सगळ्यांचं समाधान होणार असेल तर आपलं काय जातं... तेवढ्यात पायरीवरून अण्णा बोलले.

"काल मी बसणारच व्हतो."

"कशावर?"

"तिच्यावर. मला न्यायला आली व्हती. पाय टाकायलो तवर तुझ्या नव्या गाडीचा आवाज आला, म्हणून थांबलो."

"कुठं जाणार होतात अण्णा?"

"ते तिला ठावं."

हात गाठीवर तसाच राहिला. दावं न सोडता गाडी दिली आणि ती पुन्हा आली तर? त्या वेळी मी घरी नसेन. दावं सोडून घेऊन दिली आणि अण्णा टोपी घालून रोज त्या पायरीवर वाट बघत बसले तर? फाटकात बंद पडणारी गाडी मला कळत होती. तिची भीती तरी माझ्या ओळखीची होती.

मी गाडी ठेवून घेतली. बाबुरावांचे पैसे परत केले. त्यांनीच प्लग बसवून दिला. पहिल्या किकला चालू झाली आणि तेव्हापासून एकदाही बंद पडलेली नाही, याचीच मला जास्त भीती वाटते. आता फाटक टाळून लांबच्या रस्त्याने घाटावर जातो. सरळ रस्ता आला की एक हात मागे नेऊन अण्णांचा गुडघा चाचपतो.

कुणीतरी टेम्पोत घालून आणली असेल, असं मी अजून धरून आहे. पण कुलूप न तोडता कशी, सायलेन्सर तापलेला कसा, आणि टेम्पोचा आवाज अण्णांना कसा आला नाही, याला उत्तर नाही. कुणाकडे असेल तर जरूर सांगा. मंत्रतंत्रवाल्यांनी कृपया त्रास घेऊ नये.

मधल्या सुट्टीत मी रोज घरी फोन करतो. अण्णा कुठं आहेत, एवढंच विचारतो. मंदाने पहिले काही दिवस तेवढंच सांगितलं. आता ती न विचारता म्हणते, "दोघंबी जागेवर हायत."

मग मी पुढच्या तासाला जातो.