भुलीत निघालेलं वाक्य

बाबांच्या उजव्या खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा नवीन पनवेलच्या आमच्या सोसायटीने हॉस्पिटलात सोहळाच मांडला. अध्यक्ष पुष्पगुच्छ घेऊन आले आणि सेक्रेटरी त्यांचा फोटो काढायला. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला येणारा प्रत्येक जण परीक्षक असतो. पलंगावर वाकून मोठ्याने विचारायचं, "ओळखलंत का मला?" बाबांनी अध्यक्षांना ओळखलं नाही. याचं मला जरा बरंच वाटलं.

पण ऑपरेशन होऊन दोन दिवस झाले तरी बाबा भानावर येईनात. पोस्टातून निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झालेला हा माणूस संध्याकाळ झाली की ऑफिसला उशीर होतोय म्हणून सलाइन ओढायचा.

अशात चाचा आले. बाजाराच्या वाटेवरच्या मुसलमान मोहल्ल्यात त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. बाबा रोज तिथल्या फळीवर बसून त्यांच्याकडचा चहा प्यायचे आणि दोघे मिळून पुढाऱ्यांची टिंगल करायचे. चाचांनी शहाळ्याचं पाणी ग्लासात ओतलं आणि बाबांच्या ओठांशी धरलं. बाबांनी ग्लास ढकलला.

"ह्यांना आत कोणी घेतलं? ह्यांच्या हातचं पाणी नको मला."

बाकी सगळं बरळणं अडखळत चाललं होतं. हे वाक्य मात्र स्वच्छ आलं. ते माझ्या आजीचं होतं. बाबा त्यावरून तिच्याशी भांडलेलेही मला आठवतात.

"चाचा, भुलीचा परिणाम आहे," मी म्हणाले.

"हां, हां," म्हणत त्यांनी चादरीवर सांडलेलं पाणी स्वतःच्या रुमालाने टिपलं. पुन्हा भेटायला आलेले अध्यक्ष खिडकीबाहेर बघत होते. मला कुठे बघावं ते कळेना.

बाबा हळूहळू शुद्धीवर आले. वाईट हे, की त्यांना सगळं आठवत होतं. काठी घेऊन चालायला लागल्यावर ते बाजारात मागच्या गल्लीने जायचे. पुढे डावा खुबाही झिजला, पाऊल टाकणं अवघड झालं, तेव्हा त्यांनी ऑपरेशनला साफ नकार दिला.

"अंथरुणात पडून राहीन. पुन्हा ते तोंडातून निघालं तर?"

मणक्याच्या जुन्या दुखण्यामुळे पाठीत इंजेक्शन देता येत नव्हतं, पूर्ण भूल द्यावीच लागणार होती. भूल देणाऱ्या डॉक्टरीण बाईंनी शांतपणे समजावलं. अंधार पडला की मेंदू मेलाटोनिन नावाचं द्रव्य सोडतो, त्याने झोपेचं घड्याळ चालतं. वयानुसार ते आटतं. त्यात भूल आणि हॉस्पिटलातले रात्रभर जळणारे दिवे, मग म्हाताऱ्या मेंदूची दिशाच चुकते. तेच मेलाटोनिन गोळीतून दिलं, तर मेंदूचं थोडं रक्षण होतं असं म्हाताऱ्या उंदरांवर दिसलंय. माणसांबाबत अजून ठाम सांगता येत नाही. गोळी देऊ, रात्री दिवे घालवू, चष्मा हाताशी ठेवू आणि भेटायला कोणी नको.

बाबांनी एकच विचारलं, "मागच्या वेळी बोललो ते औषधाचं की माझं?"

"गोंधळलेला मेंदू काय बोलेल ते सांगता येत नाही, काका."

बाबांना हे उत्तर पुरलं नाही. मला मात्र पुरलं. मी इंटरनेटवर मिळेल ते वाचलं आणि थेट दुकानात गेले. काउंटरवरच्या कुकरांच्या रांगेआडून चाचांना भूल, मेंदूची सूज, झोप, उंदीर, सगळं ऐकवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"पोरी, ते उंदीर कोणाच्या हातचं पाणी नको म्हणतात का?"

बाबांसाठी आणलेली सगळी विद्या त्या क्षणी मला वकिलाच्या कोटासारखी वाटली.

"भाऊंना सांग, ऑपरेशन करून घ्या म्हणावं. मी पाणी घेऊन येणार. नको असेल तर शुद्धीत, माझ्या तोंडावर सांगू दे."

निरोप मी बाबांना जसाच्या तसा सांगितला. त्यांनी हॉस्पिटलात कोणती पिशवी न्यायची ते विचारलं.

ऑपरेशनच्या सकाळी चाचा शहाळं घेऊन हजर. बाबांनी हात पुढे केला, तेवढ्यात सिस्टर ओरडली, "उपाशी राहायचंय त्यांना!"

"बघा भाऊ, या वेळी सिस्टर नको म्हणते," चाचा म्हणाले. बाबांना हसता आलं नाही.

ऑपरेशन झालं. रोज रात्री गोळी दिली, दिवे घालवले. अध्यक्षांना मी दारातूनच परत पाठवलं, पुष्पगुच्छ ठेवून घेतला. बाबांना वार कळत होता, मी कळत होते. ऑफिसची आठवणही काढली नाही. गोळीने झालं, अंधाराने, की नुसत्या नशिबाने? एका माणसावरून काहीच ठरत नाही, असं डॉक्टरीण बाई म्हणाल्या. मला ते पटलं. बाबांचा चेहरा उतरला. गोळीनेच झालं असं त्या म्हणाल्या असत्या, तर मागच्या वेळचा दोष निदान गोळी न घेण्यावर तरी ढकलता आला असता.

त्यांनीच चाचांना बोलवायला सांगितलं. चाचांनी काही न विचारता स्ट्रॉ घालून शहाळं पुढे धरलं. बाबांनी ते धरलं, पण ओठांशी नेलं नाही.

"मागे बोललो ते मला आठवतंय."

"मला पण," चाचा म्हणाले. "प्या."

बाबा प्यायले. खोलीत स्ट्रॉचा आवाज येत होता. चाचा स्टुलावर बसून, शहाळं रिकामं होईपर्यंत त्याच्याकडेच बघत राहिले. मी पुष्पगुच्छातली सुकलेली पानं काढत उभी होते.