जळालेले दहा बोर्ड

कुणाचं वाईट चिंतू नये म्हणतात. म्हणोत बापडे. मी चिंतलं, चांगलं दोन महिने चिंतलं, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी अहमदपूरला एका खाजगी शाळेत कॉम्प्युटरची बाई होते. लॅबमधले दहा कॉम्प्युटर कुठल्याशा कॉलेजनं काढून टाकलेले, पण माझ्या हाताखाली नीट चालायचे. एका सोमवारी मात्र दहाच्या दहा बसले. चालू केलं की निळा पडदा यायचा आणि पुढं काही नाही.

संस्थेचे आप्पा मूळचे आडत व्यापारी. त्यांनी लातूरहून दुरुस्तीवाला बोलावला. तो दार लावून तासभर आत बसला, बाहेर आला आणि सगळ्या मास्तरांसमोर म्हणाला, "आप्पा, बाईनं बोर्ड जाळले. बायामाणसाच्या हाती मशीन दिल्यावर दुसरं काय होणार? भंगारात घाला, मी नवे देतो."

आप्पांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "बाई, तुम्ही उद्यापासून पाणी बघा," म्हणाले. झालं. सहा वर्षं शिकवत होते, आता टँकर आला की पोरींच्या रांगा लावायच्या. आईशपथ सांगते, त्या दुरुस्तीवाल्याचं नाव निघालं तरी माझं रक्त उकळायचं.

पण आमच्या गावात तेव्हा पाण्याची चोरी व्हायची. म्हणून पाण्याचे ड्रम ठेवायचे कुठं, तर लोखंडी दाराच्या खोलीत. ती खोली म्हणजे लॅब. आणि पाणी माझ्याकडं म्हणून किल्लीही माझ्याकडं!

सुट्टीतही पोरांना जेवण चालू होतं, त्यामुळं दुपारी मी शाळेतच असायची. ड्रम भरले की एक कॉम्प्युटर लावायची. पहिला तर दुरुस्तीवाला गेला त्याच दिवशी, किल्ली हातात पडताच लावला होता. डिलीटचं बटण दाबून आतल्या सेटिंगमध्ये जायला गेले तर पासवर्ड मागितला. मी कधी घातला नव्हता. म्हणजे त्यानंच कुलूप घातलं होतं. जळालेल्या मशीनला कुलूप कशाला रे बाबा? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी तेच मशीन लावलं तर पासवर्ड गायब, आणि तारीख कित्येक वर्षं मागची. तेव्हा डोक्यात ट्यूब पेटली. बोर्डावर रुपयाएवढा एक सेल असतो, वीज नसताना सेटिंग धरून ठेवतो. दहाही सेल कधीच मेले होते, वायरीतून येणाऱ्या विजेवर सगळं टिकून होतं. आडतीवर संध्याकाळी मेन स्विच पाडूनच दुकान वाढवतात. आप्पांनी तोच नियम त्या सोमवारच्या आदल्या शनिवारपासून शाळेला लावला होता. स्विच पडला की बोर्ड सगळं विसरायचा, हार्ड डिस्कचं सेटिंग आपोआप बदलायचं, म्हणून निळा पडदा. दुरुस्तीवाल्याचा पासवर्डही तसाच गेला. त्यालाही हे कळलंच असणार. न कळायला तो काय दूधखुळा होता?

मी दहा नवे सेल आणले. प्रत्येक मशीनची तारीख लावली, हार्ड डिस्कचं सेटिंग जागेवर आणलं, आधी सीडी मग हार्ड डिस्क असा क्रम दिला आणि नवी सिस्टिम चढवली. शेवटी प्रत्येकात माझा पासवर्ड घातला. आप्पांना चकार शब्द बोलले नाही. मला तो दुरुस्तीवाला समोर हवा होता.

जूनमध्ये तो आला. उदगीर जिल्हा व्हावा म्हणून गावात समिती होती, आप्पा त्यात पुढं. निवेदनाला गावांची यादी टाईप करायची होती, म्हणून आप्पांनी नवे कॉम्प्युटर घ्यायला त्यालाच बोलावलं होतं. समितीची माणसं, मास्तर, पोरी, सगळे लॅबमध्ये. तो नव्या मशीनचं पत्रक घेऊन उभा. मी उठले आणि दहाही कॉम्प्युटर चालू केले.

त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. तरी पठ्ठ्या म्हणाला, "तात्पुरतं चालू झालं असंल. थांबा, आतून दाखवतो." सेटिंग फिरवून निळा पडदा आणायचा होता त्याला, मी ओळखलं. त्यानं मशीन बंद करून परत लावलं, डिलीट दाबलं. पासवर्ड मागितला. त्यानं स्वतःचा टाकला. चालला नाही. पुन्हा टाकला. घाम फुटला.

"काय झालं, साहेब?" मी म्हणाले. "जळालेला बोर्ड पासवर्ड मागायलाय व्हय?"

पोरी फिसकन हसल्या. आप्पा उठले. "बाई, पासवर्ड सांगा. जाऊ द्या आता, पाहुणे हायत."

"मला उठवलं तवा बी सगळे होते, आप्पा. हे म्हणू द्या बोर्ड जळाले नव्हते. बाप दाखव न्हाईतर श्राद्ध कर."

समितीतला एक म्हातारा म्हणाला, "बरोबर हाय बाईचं."

दुरुस्तीवाला खाली बघून पुटपुटला, "न्हाई जळाले बोर्ड."

दोन महिने मी ह्याच वाक्याची वाट बघत होते. वाटलं होतं, ऐकलं की निवेल सगळं. तसं काही झालं नाही.

"मागच्या पोरींना ऐकू गेलं न्हाई," मी म्हणाले.