मालकाला बहिणी किती?

सोलापुरात बाळीवेशीच्या मागच्या गल्ल्यांत कुणी घर घ्यायला निघालं, की आधी चंद्रिकाच्या चुलीपाशी जाऊन बसतं. ही काही वकील नव्हे, दलाल तर नव्हेच नव्हे. कडक भाकऱ्या करून विकणारी बाई. पण थापता थापता एकेक प्रश्न असा टाकते, की पेढे घेऊन आलेला माणूस पुडा परत पिशवीत घालतो. नळाला पाणी येतं त्या दिवशी घर बघितलंस, का येत नाही त्या दिवशी? शेजारच्या बाईशी बोललास का? उतारा स्वतः काढलास, का मालकानं दिलेली झेरॉक्स घेऊन नाचायलास? आणि सगळ्यात शेवटी, हात थांबवून, “मालकाला बहिणी किती? भेटलास त्यांना?”

लोक हसतात. घर घ्यायचंय बाई, सोयरीक नाही करायची, म्हणतात. हसू देत बापडे. चंद्रिकाला त्या प्रश्नावर हसू येत नाही, आणि का येत नाही तेच सांगायचं आहे.

चार वर्षांमागं ती, नवरा मृत्युंजय आणि चूल असं तिघांचं बिऱ्हाड भाड्याच्या खोल्यांतून फिरत होतं. नवरा कापडाच्या दुकानात कामाला, त्याचा कुणाला त्रास नाही. त्रास चुलीचा. कडक भाकरी गॅसवर होत नाही असं नाही, होते की, पण एकदा खाऊन बघा म्हणजे कळेल. जाळावर शेकलेली कडाकड मोडते, लई दिवस टिकते, आणि गिऱ्हाईक येतं ते तिच्यासाठीच. धूर मात्र वरच्या मजल्यावर जातो. खोली देताना “करा की चूल, काय होतंय” म्हणणारे मालक महिना-दोन महिन्यांत खोकायला लागायचे. शेवटच्यानं तर तोंडावर सांगितलं, येत्या अमावास्येला खोली मोकळी करा. चूल बंद म्हणजे धंदा बंद. चंद्रिकाच्या तोंडचं पाणी पळालं.

अशात गल्लीतल्याच महादेवप्पांचं घर विकायला निघालं. दोन खोल्या, मागं अंगण, अंगणात पत्र्याचं शेड, वर मोकळं आभाळ. धुरानं जावं तरी किती लांब! म्हातारे महादेवप्पा वारून वर्ष झालेलं, विकत होता त्यांचा मुलगा चनमल्लप्पा. बोलायला असा गोड, की विचारू नका. “ताई, तुमी आपलीच माणसं. तुमच्या हातची भाकरी खाल्लीय, तुमच्याकडनं जास्ती घेईन का मी?” मृत्युंजय तिथंच विरघळला. त्याच संध्याकाळी इसार देऊन, नारळ फोडून मोकळा झाला, आणि उतारा काढला तो नंतर. शहाणपणाची हद्द! उताऱ्यावर दोन नावं होती, चनमल्लप्पा आणि त्याची थोरली बहीण शिवबाई.

“त्यात काय,” चनमल्लप्पा म्हणाला, “अक्का मैंदर्गीला असती. खरेदीच्या दिवशी घेऊन येतो, अंगठा देईल. आमच्यात बहिणी हिस्सा मागत न्हाईत.”

खरेदी शुक्रवारी ठरली. बुधवारी नळाला पाणी नव्हतं, म्हणून मुद्दाम चंद्रिका घर पुन्हा बघायला गेली. हौदात किती उरतंय ते तिला बघायचं होतं. शेजारची केराबाई कट्ट्यावर ज्वारी निवडत बसली होती.

“घेतलंव व्हय घर? बरं केलंव,” केराबाई म्हणाली. मग सूप बाजूला ठेवून आवाज उतरवला. “पन शिवबाईला ठावं हाय का? मागल्या महिन्यात आलती, तवा म्हनत हुती, पोरांनी हाकललं तर हितं येऊन ऱ्हाईन.”

चंद्रिका हौद न बघताच परतली, आणि शिवबाईला जाऊन विचारते, असं तिनं नवऱ्याला सांगितलं.

“नसती उठाठेव करू नगंस,” मृत्युंजय घरी आल्यावर म्हणाला. “ती अंगठा द्यायला येनार हाय, झालं की. भाऊ-बहिणीचं ते बघून घेतील. अमावास्या तोंडावर आलीय, कुटं जानार हाईस चूल घेऊन?”

त्याचं काय चुकलं होतं? काहीच नाही. पण चंद्रिकाच्या मनात एक होतं, ते ती नवऱ्याला कधी बोलली नव्हती. तिच्या स्वतःच्या भावानंही एकदा घाईघाईत तिची सही नेली होती. कशावर, ते तिनं विचारलं नाही, आणि आजवर तिला कुणी सांगितलंही नाही.

गुरुवारी भाकऱ्यांची चवड फडक्यात बांधून ती मैंदर्गीच्या एसटीत बसली. बाईला सगळं ठाऊक असलं तर प्रश्नच मिटला. नसलं तर? त्याच्या पुढं तिचं डोकं चालेना.

“बा, तंगी, बा!” ‘ये, बहिणी, ये’ म्हणत शिवबाईनं कानडीतच बोलावून घेतलं. साठी ओलांडलेली, किडकिडीत, कपाळावर विभूतीचे पट्टे. आलेली बाई सोलापूरची, आपल्या माहेरच्या गल्लीतली, एवढं कळलं आणि तिचा चेहरा असा फुलला की चंद्रिकाला मान वर करवेना. शिवबाईनं ताक दिलं. वर मीठ हवं का विचारलं.

“मी उद्या येनारच हाय की! चन्नू न्यायला येतोय. लाईटचं मीटर बाबांच्या नावावर हाय, ते बदलायचंय म्हनं, त्याला माझा अंगठा लागतोय. आनि मला इरकल घेतलीय म्हनाला. बाबा गेल्यापासनं पहिल्यांदा साडी करतोय माझा भाऊ.”

चंद्रिकानं ताकाचा पेला खाली ठेवला. गप्प बसायचं, तिनं मनाशी घोकलं. उठायचं, येते म्हणायचं, एसटी धरायची. उद्या दुपारी किल्ली आपल्या हातात. पाप लागलंच तर त्या भावाला लागेल, आपल्याला काय त्याचं! ती खरंच उठली. उंबऱ्याबाहेर आली, पायांत चपला घातल्या.

“केराबाईला सांग गं,” मागून शिवबाई म्हणाली, “आईची खोली झाडून ठेव म्हनावं. उद्या वस्तीलाच ऱ्हाते मी.”

चंद्रिका चपला काढून परत आत आली.

“अक्का, मीटरचं न्हाय. घर विकायलेत. घेनारी मीच हाय.”

आता ही रडेल, भावाला शिव्या घालेल, असं चंद्रिकाला वाटलं. छे! बाई भडकली ती चंद्रिकावरच.

“कशाला सांगितलंस? कुनी बोलावलंतं तुला? उद्या साडी नेसून गेले असते, अंगठा दिला असता, भावानं साडी केली म्हनून गावभर मिरवलं असतं! आता त्याच्या तोंडाकडं कसं बघू मी? ऊठ! घे तुज्या भाकऱ्या!”

चवड जशीच्या तशी परत आली. मृत्युंजयनं सगळं ऐकून घेतलं, ताट सारलं आणि एवढंच म्हणाला, “आपल्या हातानं चुलीत पानी ओतलंस.” चंद्रिकाला चीड आली आणि लाजही वाटली, आणि कशाची जास्त ते तिलाच कळेना.

शुक्रवारी नोंदणी कार्यालयाच्या बाकावर नवरा-बायको दोघं मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून बसली होती. शिवबाई येणारच नाही, चंद्रिका धरून चालली होती. मग दारात चनमल्लप्पा दिसला, आणि त्याच्यामागं नवी कोरी इरकल नेसलेली शिवबाई. तिनं चंद्रिकाकडं ढुंकूनही बघितलं नाही.

नाव पुकारलं. चनमल्लप्पानं बहिणीचा हात धरून टेबलापाशी नेलं. “अक्का, हितं अंगठा ठेव. मीटरचं हाय.”

शिवबाईनं हात मागं घेतला. “कशाचं हाय रे, चन्नू?”

“म्हनलो की, मीटरचं.”

“माज्याकडं बघून सांग.”

त्यानं कागद घेऊन उभ्या असलेल्या आपल्या वकिलाकडं बघितलं, मग चंद्रिकाकडं, आणि काय झालं ते त्याला कळून चुकलं. मृत्युंजयनं डोळे मिटून घेतले.

“घर विकायलोय अक्का,” चनमल्लप्पा खालच्या आवाजात म्हणाला.

“मग घरी येऊन सांगायचं की रे! मी न्हाय म्हनले असते व्हय तुला? सगळंच दिलं असतं की, येड्या!” शिवबाईचा आवाज चिरकला. तिनं पदरानं तोंड पुसलं, आणि पुन्हा बोलली तेव्हा तो आवाज दुसऱ्याच बाईचा होता. “आता न्हाय देत. निम्मं माझं, माज्या नावानं. न्हायतर अंगठा न्हाय.”

“मला विकायचंच न्हाय जा!” चनमल्लप्पा ओरडला. “आनि तू गं,” तो चंद्रिकाकडं वळला, “भाकऱ्या विकती का घरं फोडती?” तो तरातरा बाहेर गेला. गेलं घर, चंद्रिका मनात म्हणाली. गेलं.

वकील मात्र हलला नाही. या पैशावर त्यानं दुकानाचा गाळा ठरवून ठेवलाय, येतोय बघा परत, म्हणाला. तोवर तीन माणसं एका बाकावर बसून राहिली, पाणीसुद्धा कुणी कुणाला विचारलं नाही. दुपार कलल्यावर चनमल्लप्पा आला. कागद नव्यानं झाले, निम्मी रक्कम शिवबाईच्या नावानं. सगळ्यांचे अंगठे उठले. त्यानं किल्ली टेबलावर टाकली, बहिणीला ज्या गाडीतून आणलं होतं तिच्यात एकटाच बसला, आणि निघून गेला.

शिवबाई फाटकापाशी उभी. चंद्रिकानं तिची पिशवी घेतली. दोघी एसटी स्टँडपर्यंत गेल्या, गाडी लागेपर्यंत शेजारी उभ्या राहिल्या. चंद्रिकाच्या कनवटीला किल्ली होती. इतक्या वर्षांत हवी असलेली एकच गोष्ट, आणि तिला आनंद म्हणून होईना.

“पंचमीला या अक्का,” शेवटी ती म्हणाली. “घर तेच हाय. आईची खोली झाडून ठेवते. तुमचं म्हायेरच समजा.”

शिवबाईनं प्रथमच तिच्याकडं सरळ बघितलं. राग नव्हता त्या बघण्यात, तो असता तर चंद्रिकाला बरं वाटलं असतं.

“घर तेच हाय गं,” गाडीची पायरी चढताना ती म्हणाली. “पन तितं भाऊ हाय का?”