मृदुलाताईंचे सांधे

वितळलेलं सोल्डर घट्ट होईपर्यंत मृदुलाताई श्वास रोखून धरायच्या. मग बोर्ड खिडकीपाशी नेऊन म्हणायच्या, "चमकला. आता हा बोलणार."

ड्रेस्डेनला आमच्या वस्तीत शनिवारी सकाळी हौशी लोकांची कार्यशाळा भरते. मी तिथे नवशिक्यांना रेडिओ जोडायला शिकवतो. मृदुलाताई बी.कॉम., नवऱ्याच्या चिप कारखान्यातल्या नोकरीमुळे इथे आलेल्या. तिसऱ्याच शनिवारी कार्यशाळा चालवणाऱ्या म्हाताऱ्या हेर, म्हणजे श्रीयुत, क्राउझनी त्यांचा बोर्ड उचलून सगळ्यांना दाखवला. "गेनाऊ, अगदी असाच सांधा हवा." शेजारी माझा नमुन्याचा बोर्ड होता, नुसत्या गाठी. आणि इलेक्ट्रॉनिक्समध्ये मास्टर्स करत होतो मी. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

त्यांनी पुण्याहून आणलेलं रेडिओचं किट मीडियम वेव्हचं होतं. "हा बोलला की कारखान्यातल्या आउसबिल्डुंगला, म्हणजे पगारी प्रशिक्षणाला, अर्ज करणार," त्या म्हणाल्या. "आमचे हे म्हणतात, आधी डबा वाजव, मग तंत्रज्ञ हो."

डबा नुसता खरखरला. कारण मला ठाऊक होतं. जर्मनीतली मीडियम वेव्हची केंद्रं केव्हाच बंद झाली आहेत; दिवसा तिथे ऐकायला काही नसतं. हेर क्राउझ गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी गेलेले, म्हणजे सांगणारा मी एकटाच. एका वाक्याचं काम. मी ते गिळलं.

चार शनिवार त्या सांधे उकलून पुन्हा जोडत राहिल्या. "चूक माझीच असणार रे. आधी आपला सांधा बघायचा." त्यांच्या टेबलामागच्या भिंतीवर मीच लिहिलेलं पत्रक होतं: 'माहिती दडवणारा मालकाच्या बाजूचा.' बाबांच्या युनियनच्या पत्रकांवर मी वाचायला शिकलो. अशी वाक्यं मला झोपेतही सुचतात.

अर्जाची मुदत गेली.

उन्हाळ्यात त्या पुण्याला गेल्या आणि तिथून व्हॉइस मेसेज आला. आधी मराठी बातम्या, अगदी स्वच्छ. मग त्यांचा आवाज. "ऐकलंस? एकही सांधा बदललेला नाही. तिकडे स्टेशनंच नाहीत म्हणे, दुकानदार हसला मला. तुला माहीत होतं का रे?"

मी बरंच लिहिलं आणि खोडलं. शेवटी पाठवलं, "हो. तुमचे सांधे मला बघवत नव्हते."

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. "मग पुढच्या वर्षीचा फॉर्म तू भरून द्यायचास. आणि ते पत्रक काढू नकोस, मी येऊन तुला वाचून दाखवणार आहे."

फॉर्म मी भरला. त्या आता कारखान्यात शिकतात. परवा त्यांनी नवा बोर्ड दाखवायला आणला, तेव्हा मी आधी त्यात गाठ शोधली; एकही नव्हती. मी पत्रकाकडे पाठ करून बसलो होतो. त्यांनी माझी खुर्ची वळवली.